खडकवंटीचं एक मत

मु. खडकवंटी, मुरुडजवळ
१५ एप्रिल १९८६

ग्यानोबा मास्तरांना सिंधुकाकूचा आशीर्वाद.

पत्राच्या वर तारीख घालावी, मग मायना लिहावा, मग खुशाली विचारावी, हे तूच आम्हा बायांना शाळेच्या ओट्यावर शिकवलंस. तारीख घातली, मायना लिहिला. खुशाली विचारायला मात्र तेरा महिने लावले. आठवण रोजच होती रे, पत्ता नव्हता. हेही खरं नाही. पत्ता पोस्टमनकडे होता आणि पोस्टमन आठवड्यातून दोनदा आमच्याच ओसरीवर टेकतो.

बरा आहेस ना? लातूरला खोली घेतलीस, नव्या कचेऱ्यांच्या पाट्या रंगवायचं काम मिळतंय, एवढं उडत उडत कानावर आलं. जेवतोस कुठं? तुला ताटावर बसल्यावरही भिंतीकडे बघत राहायची सवय आहे. खाणावळवाला दुसऱ्यांदा वाढायला थांबणार नाही, तेवढं ध्यानात ठेव.

काल जयंती झाली. तुमच्या वस्तीतून मिरवणूक निघाली, मारुतीच्या पारापर्यंत आली आणि तिथूनच मागं फिरली. दोन वर्षांपूर्वी हीच मिरवणूक पाराला वळसा घालून आमच्या गल्लीतून गेली होती आणि मालकांनी स्वतः फोटोला हार घातला होता. यंदा पारावरची माणसं तंबाखू मळत बसून राहिली. तुझी आई मिरवणुकीत गेली नाही, दारातच बसून होती. लेक येईल म्हणून बसलीय, असं बाया म्हणत होत्या.

दोन पावसाळे कोरडे गेले. ज्वारीला कणसं धरली नाहीत, नुसता कडबा हाती आला, तोही गुडघ्याएवढा. टँकर तिसऱ्या दिवशी येतो, कधी चौथ्या. आला की बाया घागरी घेऊन अशा पळतात की बघत राहावं. माझ्यासारखी जाडी बाईसुद्धा पळते, यावरून काय ते समज. तुझी आई पळत नाही. ती सगळ्यांच्या मागं उभी राहते. तिला मागं उभं राहायला कुणी सांगितलेलं नाही, पण पुढं हो असंही कुणी म्हणत नाही.

जिल्हा झाला त्या पंधरा ऑगस्टला मालक, शेषेराव, तू, असे अकरा जण ट्रकमध्ये उभे राहून लातूरला गेला होतात. परत आलात ते गुलालानं माखून. मालक म्हणाले, आता सरकार उंबऱ्याशी आलं, उस्मानाबादचे हेलपाटे संपले. दुसऱ्या दिवशी तू शाळेच्या पाटीवरचं उस्मानाबाद खरवडून तिथं लातूर लिहिलंस. चार वर्षांत गावात बदललेली ती एकच गोष्ट, आणि तीही सरकारनं नाही, तुझ्या ब्रशनं बदलली. पाझर तलावाच्या जागी तीन निवडणुकांना तीन नारळ फुटले. कोनशिला अजून तिथंच आहे. शेळ्या तिला अंग घासतात.

म्हणून तर मतदानावर बहिष्कार टाकायचं ठरलं होतं. तुला काय सांगायचं, ठरवणाऱ्यांत तू होतास. पण मला ते एकदा लिहून बघायचंय. पारावर बैठक बसली. गावातल्या बाप्यांनी मारुतीपुढं बेलभंडारा उचलला, की खडकवंटीच्या चारशे बारा मतांतलं एकही पेटीत पडणार नाही. तुमच्या वस्तीतल्या माणसांनी बेलभंडारा उचलला नाही, ते तुमच्यात बसत नाही. तुम्ही विहारात बुद्धाच्या मूर्तीपुढं उभं राहून शब्द दिलात, आणि मालक तिथं तुमच्याबरोबर उभे राहिले. असं या गावात कधी घडलं नव्हतं. घरी येऊन मालक म्हणाले, आता ह्या गावाला कुणी वाकवू शकत न्हाई. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला होता.

आणि पेटीत एक मत पडलं.

पुढचं तुला ठाऊकच आहे. त्यावर मला काही लिहायचं होतं, पण आंतरदेशीय पत्राला घडी घालायला आणि डिंक लावायला जागा सोडावी लागते. अक्षर मोठं काढायची खोड तूच लावलीस, आता भोग. प्रकृतीला जप.

तुझी काकू,
सिंधु

खडकवंटी
११ मे १९८६

ग्यानोबा,

तुझं उत्तर नाही. आईला मात्र पोस्टकार्ड आलं. टँकरच्या रांगेत ती माझ्याजवळून गेली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पत्र पोचलं म्हणून कळीवलंय त्यानं." एवढंच. पोचलं ना, मग पुष्कळ झालं. रागात असलेला माणूस पोचही देत नाही, असं मी मनाला सांगितलं. मग वाटलं, रागात असलेला माणूस नुसती पोचच देतो.

आज दुसरंच सांगायचंय. परवा शुक्रवारी आमदारसाहेब गावात आले होते. तुला तुझ्या आईकडून कळणार नाही, ती असलं कुणाकडून लिहून घेणार नाही. इतर कुणाकडून वेडंवाकडं कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

साहेब आले ते बोअर पाडायला. शाळेपुढं मांडव घातला, सतरंज्या मुरुडहून आणल्या. गावानं ज्याला एकही मत द्यायचं नाही म्हणून शपथ घेतली, त्याच्या मांडवाला गावानंच मेढी रोवल्या. मालक पुढं होते. मी विचारलं तर म्हणाले, पाणी पायजे का न्हाई तुला? आता पाणी पाहिजे हे कोण नाकारणार. मशीन दोनशे फुटांपर्यंत गेलं, पांढरा फुफाटा उडाला, सगळ्यांच्या पटक्यांवर बसला. पाणी लागलं नाही. साहेबांच्या माणसांनी तोवर हार काढून ठेवले होते, म्हणून कार्यक्रम झालाच.

साहेबांना बोलता येतं, हे मान्य करायला हवं. म्हणाले, खडकवंटीनं माझ्यावर राग धरला, आईबापानं लेकरावर धरावा तसा, मी तो प्रसाद मानला. मालकांना शेजारी खुर्चीवर बसवलं. मग म्हणाले, पण या गावात एक माणूस असा निघाला, ज्यानं एवढ्या रागातही माझ्यावर विश्वास ठेवला. ते एक मत मला लाख मतांहून मोठं आहे. तो माणूस आज गावात नाही असं कळलं, पण त्याची माउली आहे. तिचा सत्कार केल्याशिवाय मी जाणार नाही.

तुझं नाव त्यांना कुणी सांगितलं ते विचारू नकोस. शेषेरावानं सांगितलं. तुझ्यावर पहिलं बोट ज्यानं रोखलं त्यानंच.

तुझी आई मांडवाच्या कडेला, ऊन लागतं तिथं बसली होती. दोघी जणी तिला धरून पुढं घेऊन गेल्या. तिला वाटलं रेशनच्या कार्डाचं काहीतरी आहे. साहेबांनी हिरवं लुगडं तिच्या हातावर ठेवलं, नारळ ठेवला आणि फोटोवाल्याकडे तोंड केलं. कुणीतरी तिच्या कानात सांगितलं, कशाबद्दल ते. तुझी आई किती हळू बोलते ते तुला माहीत आहे. पण माईक जवळ होता.

"माझ्या लेकानं मत दिलं न्हाई. दिलेला शब्द मोडणारा न्हाई त्यो. ज्यानं मत दिलं असंल त्याच्या घरी हे लुगडं पोचवा."

तिनं लुगडं आणि नारळ टेबलावर ठेवला, हात पदराला पुसले आणि उन्हातून चालत घरी गेली. साहेब हसले आणि म्हणाले, माउलीचा स्वाभिमान बघा. टाळ्यासुद्धा पडल्या.

मी बायांत पुढच्याच रांगेत होते. माझ्यापासून ती चार हातांवरून गेली. मी मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत बसले.

तू आईला बघायला यावंस असं मला वाटतं. गावाकडे बघू नकोस, सरळ घरी ये. आज यापुढं लिहवत नाही.

काकू

खडकवंटी
२५ मे १९८६, रविवार

ग्यानोबा,

आशीर्वाद मुद्दामच लिहिलेला नाही. हे पत्र वाचून झाल्यावर तो घ्यायचा का, ते तूच ठरव. वहीची पानं फाडून लिहितेय, म्हणजे कागद संपला म्हणता येणार नाही.

ते मत मी दिलं.

लिहिलं एकदाचं. आता कसं ते सांगते.

त्या दिवशी मतदान घ्यायला आलेल्या पाच जणांची भाकरी आमच्या घरी लावली होती. मालकच म्हणाले होते, बहिष्कार साहेबावर हाय, मास्तर लोकांवर न्हाई, उपाशी माणूस गावातनं जाऊ नये. सकाळी त्यांच्यातल्या मोठ्या मास्तरांनी तुला बोलावणं पाठवलं, शाळेच्या भिंतीवर तू लिहिलेलं बहिष्काराचं वाक्य कायद्यात बसत नाही, ते पुसून दे. तू चुन्याची बादली घेऊन आत गेलास आणि पुसून परत आलास. दुपारी मी भाकऱ्या, पिठलं, ठेचा असं पाटीत घालून गेले. पोलीस लिंबाखाली घोरत होता. एजंट म्हणून बसायलाही गावातून कुणी गेलं नव्हतं. गावातली दोनच माणसं त्या दिवशी शाळेत गेली, तू आणि मी. पण शाळेवर नजर ठेवून बसलेल्यांनी मला मोजलंच नाही. भाकरी घेऊन बाई जाते, तिला काय मोजायचं.

मोठे मास्तर म्हातारे होते, रेणापूरकडचे. जेवता जेवता म्हणाले, सकाळपासून नुसती यादी चाळतोय, चारशे बारा नावं आणि एक माणूस नाही. मी सहज विचारलं, माझं आहे का हो त्यात? त्यांनी यादी माझ्याकडे फिरवली आणि म्हणाले, वाचता येतं? मग तुम्हीच शोधा.

मला वाचता येत होतं, ग्यानोबा. तुझ्यामुळं येत होतं. मी बोट ठेवून शोधत गेले आणि माझं नाव सापडलं. सरकारनं छापलेलं माझं नाव मी तोवर कधी वाचलं नव्हतं. याआधी मी पाच वेळा मत दिलं असेल. दर वेळी मालक आदल्या दिवशी सांगायचे, अमक्यावर मार, आणि मी मारून यायचे. या वेळी त्यांनी सांगितलं, मारू नको. त्यातही मला कुणी विचारलं नव्हतं. बेलभंडारा बाप्यांनी उचलला, बायांचं त्यात धरलेलं होतं. मी दारातून बघत होते, हातात भाकरीचं पीठ होतं.

म्हणजे मी शपथ घेतलीच नव्हती, मग मोडली कुठं, असं मी वर्षभर स्वतःशी वकिली करत होते. तसल्या वकिलीनं आता मला झोप येत नाही.

मास्तरांनी विचारलं, द्यायचंय का? मी हो म्हणाले. त्यांनी डाव्या बोटाला शाई लावली, कागद दिला. पुठ्ठ्याच्या आड गेले. पाच चिन्हं होती. पाचही जण आपल्या गावात येऊन गेले होते, पाचही जण पाणी देणार होते. एक नवा होता, कॉलेजात शिकवणारा, देश बदलायचाय म्हणायचा. त्याच्या जीपनं शेषेरावाचं कुंपण मोडलं आणि तो खाली उतरलासुद्धा नाही. मी शिक्का हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. तिथं कुणी सांगणारं नव्हतं आणि मला कुणावरच मारावासा वाटेना. शेवटी कागद तसाच घडी घालून पेटीत टाकला. कोरा. तुझ्या आईला ज्या मतासाठी लुगडं द्यायला निघाले होते, ते मत साहेबाला नव्हतंच.

मग का टाकलं, असं तू विचारशील. मला ते नीट सांगता येत नाही. आयुष्यात एकदा मला कुणी तरी विचारलं होतं आणि मी नाही म्हणून परत फिरले असते तर मला वाईट वाटलं असतं. खरं सांगायचं तर बाहेर आले तेव्हा मी खूश होते. रिकामी पाटी काखेत आणि मी गाणं म्हणत आले.

घरी आल्यावर बोट दिसलं. निरगुडीचा पाला घासला, राख घासली, जाईना. मग डब्यातला बिब्बा फोडून त्याचं तेल बोटाला लावलं. संध्याकाळपर्यंत बोट फोडांनी भरून आलं. मालकांनी खोबरं चावून लावलं, वर चिंधी बांधली. म्हणाले, बघून काम करत जा. इतक्या मायेनं बांधली त्यांनी की मला रडू आलं, आणि त्यांना वाटलं आग होतेय.

पेटी न्यायला जीप आली तेव्हा मालकांनी मास्तरांना विचारलं, शून्य ना? मास्तर म्हणाले, एक झालं. कुणाचं ते सांगायला कायद्यानं मनाई आहे. पेपरवाले यायचे होते, लातूरला मोजणीत खडकवंटी शून्य म्हणून पुकारायचे होते. त्यातलं काही झालं नाही. शून्य असतं तर साऱ्या जिल्ह्यात बातमी झाली असती. एक म्हणजे काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी पारावर सगळ्या बाप्यांनी डावं बोट दाखवलं. बायांना कुणी बोलावलं नाही. तुझी बोटं तर कायमची काळ्या रंगानं भरलेली. शेषेराव म्हणाला, ह्यानं बेलभंडारा उचललाच न्हाई, ह्याला कसलं बंधन, आणि आत बी हाच गेलता. टर्पेंटाइननं पूस आणि दाखव म्हणाले. तू हात मागं घेतलास. तू म्हणालास, "शब्दावर विश्वास न्हाई तर बोटावर ठिवून काय करता?" मी आमच्या माळवदावर उभी राहून ऐकलं. माझं बोट चिंधीत होतं. माळवदावरून एक हाक मारली असती तर ते तिथंच संपलं असतं.

मी हाक मारली नाही. मालकांची लाज वाटली, माराची भीती वाटली, आणि वाटलं, दोन दिवसांत विसरतील. आठ दिवसांत तुझी कामं बंद झाली. सगळ्या वस्तीला बोल लागायला लागला तेव्हा तू तुझी पेटी उचलून गाव सोडून गेलास. मारुतीच्या पारावरून गेलास, मुद्दाम. ते मी पाहिलं.

आता या महिन्याचं. मांडवातल्या त्या प्रसंगानंतर दोन दिवसांनी तुला मागचं पत्र लिहिलं, आणि ते पेटीत टाकून तशीच तुझ्या आईकडे गेले. तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "मला काऊन सांगायलीस? मी म्हणलं व्हतं का माझ्या लेकानं दिलं म्हणून? ज्यायनं म्हणलं त्यायला सांग." मी तिथं बसून राहिले. घसा कोरडा पडला होता आणि पाणी मागायची हिंमत होईना. दोन वर्षं मी तुझ्याकडून शिकले, ग्यानोबा, आणि एकदाही तुमच्या घरी पाणी प्यायले नाही. तुला ते कळत होतं आणि तू कधी बोलला नाहीस. तिनं न विचारता तांब्या पुढं ठेवला. पाण्याचे इतके हाल असताना भरून ठेवला. मी सगळा प्यायले. बाहेर आले तर टँकरला निघालेल्या चार बाया बघत उभ्या होत्या. बघू देत.

गुरुवारी मालक जेवायला बसले तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांनी घास तसाच धरला. मारलं नाही. ओरडलेही नाहीत. बोटाकडे बघितलं, जिथं अजून डाग आहे. मग म्हणाले, "हे तुझ्यापाशीच ठिव. गाव मला मानतं, त्येवढंच ऱ्हायलंय माझ्यापाशी." आणि भाकरी संपवून उठले.

काल शनिवार. मारुतीला तेल वाहायला सगळे बाप्ये पारावर होते. बायांनी पारावर चढू नये अशी रीत आहे, म्हणून खाली उभी राहून सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. मत मी दिलं, ग्यानोबानं नाही, हे माझं बोट बघा. मला वाटलं होतं दगड येतील, शिव्या येतील, मालक मला माहेरी पाठवतील. तेवढ्याची मी तयारी करून गेले होते. लुगड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं.

ते हसले, ग्यानोबा.

शेषेराव म्हणाला, वैनी, त्या नागुबाईची, ग्यानोबाच्या आईची, दया आली म्हणून अंगावर घिऊ नका. दुसरा म्हणाला, ऊन लई हाय, घरी जावा. तिसरा म्हणाला, अण्णारावाला न विचारता वैनी पाणी पीत न्हाईत, मत कुठलं देतेत. सगळ्यांनी मालकांकडे बघितलं. मालक तेलाची वाटी हातात धरून उभे होते. ते म्हणाले, "तवा बिब्बा उतला व्हता तिला. मीच खोबरं लावलं."

झालं. मारुतीला तेल वाहून लोक घरी गेले.

घरी आल्यावर मालक मला म्हणाले, मी काय खोटं बोललो? बिब्बा उतलाच होता की. खरंच, त्यात एक शब्द खोटा नव्हता. सतरा वर्षांची असताना त्यांच्या घरात आले, आज सत्तावीस वर्षं झाली. काल मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस निवडून येईल.

गाठोडं अजून कोपऱ्यात आहे. ते सोडायचं की उचलायचं हे ठरत नाही. घरात आम्ही दोघं बोलतो, मीठ कमी आहे, टँकर आला, एवढं. तुझ्या आईकडे रोज जाते. टँकरला तिच्याबरोबर शेवटी उभी राहते. तिनं मला माफ केलेलं नाही, पण घागर डोक्यावर घ्यायला हात लावू देते. तिच्या छातीत कफ झालाय, संध्याकाळी श्वास लागतो. तू तिला न्यायला ये किंवा राहायला ये, पण ये. गाव अजून तुलाच धरून बसलंय. माझ्या सांगण्यानं तुझा आळ उतरला नाही, आणि मी तुझं काहीच फेडू शकले नाही, हे तुला स्पष्ट सांगते. बाईनं आपल्या मनानं एक मत दिलं हे पटत नाही त्यांना. साहेब बदलावा, पक्ष बदलावा, सरकार बदलावं, हे सगळं पटतं. एवढं मात्र पटत नाही.

माफी मागत नाही. माफी दिलीस तर हलकं मला वाटेल, तुला त्याचा उपयोग नाही. मला तुझ्याकडून एकच ओळ पाहिजे. हे मी केलं, हे तुला तरी खरं वाटतंय का, ते कळव. राग लिहिलास तरी चालेल, शिव्या लिहिल्यास तरी चालतील. माझ्यावर चिडायचं झालं तरी आधी ते खरं मानावं लागेल.

जिच्यामुळं तुझं गाव सुटलं, ती,
सिंधु